तार काढल्यानंतर

आभाळ भरून यायला लागलं, की आमच्या घरात एक ठरलेली धावपळ सुरू होते. आधी रेडिओचा सेट बंद करायचा. मग भिंतीतला त्याचा प्लग ओढून काढायचा. मग सेटच्या पाठीमागची अँटेनाची जाड काळी केबल फिरवून सोडवायची आणि तिचं टोक खिडकीतल्या कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरणीत टाकायचं. हा क्रम माझ्या सासऱ्यांनी लावून दिलेला, आणि त्यात कोणी घाई केलेली त्यांना खपत नसे. "टोक टेबलावर लोंबकळत ठेवू नकोस," ते म्हणायचे. "वीज उडी मारायला जागाच शोधत असते. ती आपण कशाला द्यायची?"

सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. हौशी रेडिओचा नाद त्यांचा. रीतसर परवाना घ्यायचा, गच्चीवर तार ताणायची आणि कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, एवढाच तो नाद. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मागच्या खोलीतून सारखी कुईकुई ऐकू यायची. मला वाटलं होतं, म्हातारा पोपट पाळतो की काय. पुढे त्यांनीच मला शिकवलं, परीक्षेला बसवलं, आणि मी पास झाले त्या दिवशी माइक माझ्या हातात देत जगाला सांगितलं, "ही आमची बिनतारी सून." तेच नाव मला चिकटलं.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे तारा, सोल्डर, मीटर यांची भीती नव्हती. गच्चीवरच्या खांबापासून खाली जमिनीपर्यंत तांब्याची पट्टी आम्ही दोघांनी मिळून उतरवली. केबल घरात शिरते तिथे खिडकीत तांब्याचा पत्रा बसवला, त्यावर विजेचा झटका जमिनीत वळवणारी डबी. अर्थिंगचा खड्डा बाबांनी स्वतः खणला आणि कमरेएवढ्या खड्ड्यात उभे राहून मला विचारलं, "काय गं, एवढा पुरे, की मला इथेच पुरतेस?"

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त बाहेर येत नाही. साधा हुंकारसुद्धा येईना. न्हाणीघराला लागून आहे म्हणून रेडिओची खोलीच त्यांची खोली झाली. पलंगाच्या पायाशी टेबल, टेबलावर सेट. नवरा छापखान्यात पाळीवर. नोकरी मी सोडली.

सकाळी काही मिनिटं मी रेडिओच्या बँडवर जायची. आमचा कट्टा असतो तिथे, दहाबारा जणांचा. मी बोलायला लागले की लोक ऐकत राहतात, असं सगळे म्हणायचे. निवृत्त जहाजी रेडिओ अधिकारी होते एक, त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. ते म्हणायचे, "बाई, तुमचा आवाज म्हणजे तापलेल्या कपाळावर ओली पट्टी." बाबा पलंगावरून ऐकत असायचे. माइक खाली ठेवला, की मी त्यांच्याशी बोलायची तो आवाज वेगळा असायचा. मलाही तो ऐकू यायचा. थकलेल्या माणसाचा आवाज असाच असतो, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

त्या दुपारी मी बाबांना सूप भरवत होते. बाहेर एकदम काळोखी आली आणि लांबवर गडगडलं. वाटी पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवून मी उठले. सेट बंद केला, प्लग काढला, केबल सोडवली. टोक हातात असतानाच मागे वाटी आपटल्याचा आवाज झाला. बाबांच्या चांगल्या हाताचा धक्का लागला होता. सकाळीच बदललेली चादर, उशी, त्यांचा सदरा, सगळ्यावर सूप.

मी टोक हातात धरूनच वळले.

"मुद्दाम करता ना? मुद्दामच करता तुम्ही. मी कशी झिजते ते बघत पडायचं, बस्स. एकदाचे जा ना, बाबा. जा आणि मला सुटू दे."

याआधीही ओरडले होते मी, पण 'जा' असं कधी म्हणाले नव्हते.

त्याच क्षणी वीज पडली. उजेड आणि आवाज यांत अंतरच नव्हतं. शेजारच्या आवारातलं उंच झाड वरपासून खालपर्यंत उभं चिरलं गेलं, ते नंतर पाहिलं. मला काही झालं नाही. हातातल्या टोकाशी निळसर ठिपका दिसल्यासारखा वाटला, पण तेव्हा डोळ्यांपुढे नुसते काजवेच होते. मी टोक बरणीत टाकलं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी चादर बदलली.

आजूबाजूच्या घरांत टीव्ही, फ्रिज, कुणाची पाण्याची मोटर, बरंच काही जळलं. आमचं काही नाही. पाऊस उघडल्यावर मी मीटर घेऊन सगळं तपासलं. डबी शाबूत, पट्टीचे बोल्ट घट्ट, सेट ठणठणीत. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी ते जरा फुशारकीनेच सांगितलं. "बाबांची शिस्त. दुसरं काय." दोघातिघांनी वाहवा केली. कॅप्टन काही बोलले नाहीत. एरवी ते कुणाला बोलू देत नाहीत.

त्यानंतर कट्ट्याची चव हळूहळू बदलली. मी माझी हाक दिली, की चाललेलं बोलणं मध्येच थांबायचं आणि कुणीतरी घाईने माइकवर येऊन दुसरंच काही बोलायला लागायचं. एकदा कॅप्टन म्हणाले, "बाई, मदतीला कुणी बाईमाणूस मिळतं का बघा ना. एकटीने नाही होत ते." मी घरचं कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी हसून विषय बदलला. पलीकडून कुणी हसलं नाही.

मग एके दिवशी दुपारी दातांचे डॉक्टर घरी आले. कट्ट्यावरचे माझ्या शहरातले तेवढेच एक. बाबांची कवळी तपासायला आलोय म्हणाले. कवळी त्यांनी पाहिली न पाहिल्यासारखी केली, बाबांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले आणि निघताना दारात थबकले.

"एक विचारू? रागावू नका. तुमच्या माइकचं बटण अडकतं का कधी?"

"नाही. का?"

"आम्हाला ऐकू येतं. आपल्या कट्ट्याच्या फ्रिक्वेन्सीच्या किंचित खाली. दुपारचं जास्त. आधी वाटलं, बटण दाबलेलं राहिलंय. हाका मारून बघितल्या. तुम्हाला ऐकू जात नव्हत्या."

"काय ऐकू येतं?"

डॉक्टर पायातल्या बुटांकडे बघत म्हणाले, "घर."

"म्हणजे?"

"नळ. भांडी. पंखा करकरतो तो. तुम्ही." त्यांनी दाराची कडी धरली. "तुम्ही बोलता ते."

माझे कान तापले. त्या खोलीत मी काय काय बोलले होते, ते एकापाठोपाठ एक आठवायला लागलं आणि थांबेना. बेडपॅन उचलताना म्हटलेलं, औषध थुंकल्यावर म्हटलेलं. हे सगळं कॅप्टननी ऐकलं. ज्यांचे चेहरेही मला माहीत नाहीत त्या सगळ्यांनी, आपापल्या घरी, खुर्चीत बसून ऐकलं.

"पण बाबांचं बोलणं परत आलं, हे सांगितलं नाहीत तुम्ही," डॉक्टर घाईने म्हणाले, मला धीर द्यावा तसे. "फार बरं वाटलं आम्हाला."

"बाबा बोलत नाहीत, डॉक्टर."

त्यांनी चमकून वर पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. मी खोटं बोलतेय, आणि तेही का ते त्यांना कळतंय, असा तो चेहरा होता.

"असू दे," ते म्हणाले. "तुम्ही एवढ्या चिडता, तरी किती गोड समजावतात ते तुम्हाला. आमची ही तर ऐकून रडली."

ते गेल्यावर मी बाबांच्या पलंगाशी जाऊन बसले. "बाबा, तुम्ही बोलता?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक धार आली, ती मी पुसली. "एक शब्द बोला. माझं नाव नको, काहीही." खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबा बघत राहिले.

मी माइक उघडला. बटण साफ होतं. सेट बंद करून, प्लग काढून, केबल बरणीत टाकून डॉक्टरांना फोन केला. "आत्ता येतंय," ते म्हणाले. "तुम्ही फोनवर बोलताय तेही येतंय." मी केबल खिडकीतून बाहेर ढकलली. येतच राहिलं. नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी मी त्याला गच्चीवर चढवलं.

"एवढी वर्षं बाबांनी जिवापाड जपलं, आणि आता काढायचं?" तो कुरकुरला.

"खांब हलतोय. कुणाच्या डोक्यात पडला तर?"

त्याला खरं सांगायची माझी छाती झाली नाही. आपल्या बापाशी आपली बायको कशी बोलते, हे त्याला सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं. तार उतरली, खांब उतरला. तांब्याची पट्टीसुद्धा मी सोडवली.

त्या दिवसांत मी खोलीत आवाज चढवलाच नाही. बाबांनी औषध थुंकलं, तरी पुसून घेतलं आणि पुन्हा दिलं. एकदा मी ओठ इतके घट्ट दाबून धरले की आतून रक्त आलं. आठवड्याने डॉक्टरांना फोन लावला.

"अजून येतं," ते म्हणाले. "उलट स्पष्ट झालंय."

"पण मी आता ओरडत नाही, डॉक्टर."

"हो?" एवढंच म्हणाले ते. मग अगदी हळू, "कालही ओरडलात हो."

मला स्वतः ऐकायचं होतं. रविवारी डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो. नवरा घरी होता. बाबांना जेवू घालून, तोंड पुसून, झोपवून मी निघाले. दवाखान्यात औषधाचा आणि रबराच्या हातमोज्यांचा वास होता. आतल्या खोलीत, दातांच्या साच्यांच्या कपाटाखाली डॉक्टरांचा सेट. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून ते पेशंटचं फिरतं स्टूल घेऊन बसले आणि मला आपली खुर्ची दिली. त्यांनी बटण फिरवलं.

खरखर. मग खरखरीच्या मागून पंखा. आमचा पंखा, प्रत्येक फेरीला एकदा अडखळणारा. मग नळाखाली पातेलं ठेवल्याचा आवाज. मग नवऱ्याचं खोकणं. मी खुर्चीचे हात धरले. स्वतःच्या घराबाहेर उभं राहून कान लावल्यासारखं वाटत होतं, आणि आजवर किती कानांनी हे केलं असेल ते मनात आलं.

मी मोबाइल काढून नवऱ्याला फोन लावला. सेटमध्ये त्याच्या फोनची रिंग वाजली.

"बोल," तो म्हणाला. दोन्हीकडून.

"काय करतोयस?"

"चहा टाकतोय. का गं?"

"बाबा?"

"झोपलेत. आत्ताच डोकावून आलो."

"घरात दुसरं कोण आहे?"

"कोण असणार?" तो हसला. हसणंही दोन्हीकडून आलं. "तू ये निवांत. मी आहे."

मी फोन ठेवला. सेटमध्ये कपबशीचा आवाज झाला. मग थोडा वेळ नुसता पंखा.

मग मी बोलले.

"तोंड उघडा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"उघडा म्हणते ना. मला दुसरी कामं नाहीत का?"

आवाज माझाच होता. शब्दाच्या शेवटी मी जी ओढ देते, तीही. चमचा वाटीला घासल्याचा आवाज आला. मग दुसरा आवाज आला, वयस्क, किंचित घोगरा, शब्द न शब्द सुटा. वर्ष उलटून गेलं होतं तो ऐकून. रात्रंदिवस ज्याची वाट पाहिली तो.

"जरा थांब, पोरी. घशाशी आलंय."

मी रडायला लागले. भीतीने नाही. तो आवाज ऐकून मला आधी आनंद झाला, आणि मग कळलं, की तो माझ्यासाठी नव्हता.

"थांबून थांबूनच तर म्हातारी झाले मी. गिळा. आणि गिळून एकदाचे जा."

"जाईन गं. चिडू नकोस. दमली आहेस तू."

डॉक्टरांनी आवाज कमी करायला हात पुढे केला. संकोचाने. परक्याच्या घरातलं ऐकू नये म्हणून. मी त्यांचा हात धरला.

सेटमध्ये वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. कुणीतरी पलंगाच्या कडेवर बसलं; ती कड वाजते. माझ्या आवाजाने पुन्हा श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा.

बाबा म्हणाले, "हळू बोल. ती ऐकतेय."

मग पंखा थांबला. खरखरही थांबली. सेटचा दिवा चालू होता, काटा हलत होता, पण आतून काहीच येत नव्हतं. डॉक्टरांनी बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

मी चपला हातात घेऊनच धावत सुटले असणार, कारण घरी पोचले तेव्हा त्या हातात होत्या. नवरा चहा पीत वर्तमानपत्र वाचत होता. "अगं, काय झालं?" त्याचं ऐकायला मी थांबले नाही. बाबा उताणे, डोळे मिटलेले, शांत. पंखा फिरत होता. त्यांच्या गळ्याशी नॅपकिन बांधलेला होता, मी बांधते तसा, मानेच्या डाव्या बाजूला, दोन गाठी मारून. त्याच्यावर सूपाचा ओला डाग होता.

"तू भरवलंस का त्यांना काही?" मी विचारलं.

"मी? छे. तूच तर भरवून गेलीस."

मी नॅपकिन सोडवून गेले होते. धुऊन दोरीवर टाकला होता. दोरीकडे जाऊन बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून कुणालाही काही ऐकू आलेलं नाही. डॉक्टरांनी महिनाभर रोज लावून पाहिलं. कट्ट्यावर माझं नाव निघत नाही, असं ते म्हणतात, आणि मीही गेले नाही. सेट मी त्यांनाच देऊन टाकला. नवऱ्याला शेवटी सगळं सांगितलं. बाबांशी मी काय बोलत होते तेही, शब्द न गाळता. तो उठून बाबांच्या खोलीत डोकावून आला. मग म्हणाला, "मी तरी कुठे बसलो त्यांच्यापाशी कधी." आता तो पाळीवर जाण्याआधी त्यांना आंघोळ घालतो. तो हे मला दुखवायला करत नाही, पण पाण्याचा आवाज ऐकताना मला मान वर करता येत नाही.

भरवायचं काम मी माझ्याकडेच ठेवलं आहे. मी हळू बोलते. घाई करत नाही. घास लहान करते, मध्ये पाणी देते, त्यांना हवा तेवढा वेळ देते. बाबांची तब्येत सुधारली आहे. वजनही वाढलंय.

फक्त चमचा ओठांशी नेला, की ते माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्यामागे, किंचित वर, उभ्या माणसाचा चेहरा असेल तिथे बघतात. थोडा वेळ थांबतात. आणि मग, परवानगी मिळाल्यासारखं, तोंड उघडतात.